फौजदाराचा विमा

इचलकरंजीतल्या गाड्या आपापल्या चालायला लागल्या त्याला बरीच वर्षं झाली, तरी विजयमाला चौगुले यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काही उतरली नव्हती. गाडीत बसणाऱ्या एकाला तरी वेळेवर ब्रेक दाबता यायलाच हवा, असा कायदा होता, आणि ब्रेक दाबणं दिसतं तितकं सोपं नाही, हे विजयमालाबाईंनी सगळ्या गावाला पटवून दिलं होतं. "स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पाय ब्रेकवर. डोकं जाग्यावर." एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे रस्त्यानं जाताना लोक नमस्कार करत आणि त्या तो हक्काचा म्हणून घेत.

त्यांच्या शेजारून चालणारा कुत्रा मात्र कुणाचा नमस्कार घेत नसे. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि मागचा उजवा पाय कधीकाळी मोडून आपोआप वाकडाच जुळलेला. प्रत्येक पावलाला तो उजवीकडे झुकायचा आणि मग मान ताठ करून स्वतःला सावरायचा. बघणाऱ्याला वाटावं, कमरेला जड पिस्तूल लटकतंय. भटक्या कुत्र्यांच्या आश्रयघरातून आणला त्याच दिवशी बाईंनी त्याचं नाव फौजदार ठेवलं. तिथला माणूस म्हणत होता, "पिल्लू न्या की मॅडम. मोठ्या कुत्र्याला लळा लागायला वेळ लागतोय."

"मलाही लागतोय," बाई म्हणाल्या होत्या. "बघू आधी कोण हरतंय."

पहिल्याच आठवड्यात दोघंही हरले. नवऱ्यामागं आणि लेक परदेशी गेल्यामागं रिकामं पडलेलं घर पुन्हा बोलतं झालं. म्हणजे बोलायच्या बाईच. फौजदार ऐकून घ्यायचा.

थंडी पडली की त्याचा पाय दुखायचा. डॉक्टर शर्मिष्ठा मगदूम यांनी रोज सकाळी एक गुलाबी गोळी सांगितली होती. ती भाकरीच्या तुकड्यात लपवली की फौजदार भाकरी खायचा आणि गोळी बाजूला काढून ठेवायचा. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. असा रोजचा सामना. पण गोळ्या किती दिवस देणार? कोल्हापुरात आता कुत्र्याच्याच पेशी वाढवून त्यांपासून हाडांमधली मऊ कूर्चा छापत होते आणि नवाकोरा सांधा बसवत होते.

"सांधा बसला की गोळी बंद," डॉक्टर म्हणाल्या. "पण खर्च ऐकाल तर तुमचाच सांधा निखळेल. आधी विमा काढा, बाई. विम्याशिवाय तिथं नंबरच लागत नाही."

"कुत्र्याचा विमा. अगं, माझाच नाही अजून."

"तुम्हाला काय धाड भरलीय? तुम्ही लोखंडाच्या." डॉक्टर मगदूम बाईंच्याच हाताखाली गाडी शिकल्या होत्या, म्हणून त्यांना एवढं बोलायची मुभा होती.

दवाखान्याच्या कोपऱ्यात 'पाठराखण' विमा कंपनीचं यंत्र होतं, शिलाई मशीनएवढं. पूर्वी असल्या कुत्र्याचा विमा म्हणजे मोठीच पंचाईत असायची. पाळलेल्या पिल्लाचा जन्म माहीत असतो, लसी माहीत असतात. आश्रयघरातून आलेल्या मोठ्या कुत्र्याची मागची पाटी कोरी. वय दातांवरून अंदाजानं सांगायचं, आणि पुढं काही दुखलंखुपलं की कंपनी म्हणणार, हे आधीपासूनचंच, आमच्याकडे बघू नका. या यंत्रानं त्यावर तोड काढली होती. कुत्र्याच्या गालातून आणि मानेच्या केसांतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि खाचेत सरकवायचा. वय वाढतं तशा पेशींतल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा चढत जातात. त्या वाचून यंत्र शरीराचं खरं वय सांगायचं. लाळेतली द्रव्यं तपासून आतल्या अवयवांची हालहवाल सांगायचं.

खरी करामत तिसरीच होती. माणूस असो की जनावर, प्रत्येकाच्या अंगावर जंतूंची एक वस्ती असते आणि ज्याची त्याची वस्ती वेगळी असते. कुणी डोक्यावरून हात फिरवला की त्या हाताची थोडी वस्ती केसांत उतरते आणि तिथंच बिऱ्हाड करते. त्यावरून कुत्रा कुणाच्या सहवासात किती असतो, काय खातो, घरात धूर आहे का, शिळंपाकं चालतं का, सगळं उमगायचं. लाखो कुत्र्यांचं असं वाचन केल्यावर कंपनीच्या ध्यानात आलं की मोठ्या कुत्र्याचं पुढचं आयुष्य त्याच्या मागच्या हालांवर जेवढं ठरतं, त्याहून कितीतरी जास्त ते आत्ताच्या घरावर ठरतं. तेव्हापासून कंपनी तपासायची कुत्र्याला आणि गुण द्यायची घराला.

"म्हणजे परीक्षा माझी," विजयमालाबाई पदर सावरत म्हणाल्या. त्या कुठल्याच परीक्षेला घाबरत नसत. "घे म्हणावं. मी बसतो इथं."

"धन्यवाद, साहेब," यंत्र म्हणालं. त्याचं मराठी पुण्याकडचं होतं. बायकाही 'मी येतो, मी बसतो' म्हणतात अशा मुलखात आपण आलोय, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी हसू दाबत बोळा खाचेत सरकवला.

थोड्या वेळानं यंत्रानं घसा साफ केल्यासारखा आवाज काढला. "आपले पाल्य फौजदार यांचं शारीरिक वय साडेसात वर्षं आहे. आठ वर्षांनंतर आम्ही नवा विमा देत नाही, त्यामुळे आपण वेळेत आलात. हृदय उत्तम. फुप्फुसं उत्तम. मूत्रपिंडांवर ताण आहे, कारण अज्ञात. सहवासी दोन."

"मूत्रपिंडं?" डॉक्टरांचं हसू गेलं.

"दोन कोण?" बाईंनी दुसऱ्याच टोकाला पकडलं. "घरात मी आणि हा."

"सहवासी एक, आपण. सहवासी दोन, एक स्त्री. आपल्याशी रक्ताचं नातं नाही. फौजदार यांच्या सहवासाचा जवळजवळ निम्मा वाटा त्यांचा आहे. पहिल्या घराला शंभरपैकी एकसष्ट गुण. दुसऱ्या घराला चौऱ्याहत्तर."

फौजदार बाकाखाली जाऊन बसला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, असं नंतर कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी बाईंनी मानलं नसतं.

"कमी कशात पडलो?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता. शिकाऊ माणसानं गाडी गटारात घातल्यावर असायचा तेवढा शांत.

"पहिल्या घरात पिशवीतलं तयार दही वापरात आहे. दुसऱ्या घरात रोज विरजण लावलं जातं. त्या दह्यातला जंतूंचा वाण बाजारातल्या कोणत्याही वाणाशी जुळत नाही. तो फार जुना आणि घरातच जपलेला दिसतो. पोटासाठी अतिशय गुणकारी आहे. दुसऱ्या घराचं अभिनंदन."

मग त्यानं तीन विमे मांडले. पहिला फक्त अपघाताचा. दुसरा आजारपणाचा, पण त्यातून पाय आणि मूत्रपिंडं कायमची वगळलेली. तिसरा संपूर्ण, नव्या सांध्यासकट; मात्र त्यासाठी दोन्ही सहवाशांनी जोडपालक म्हणून एकत्र येऊन अंगठा द्यायचा आणि मूत्रपिंडांवरच्या ताणाचं कारण शोधून कळवायचं. दोन जबाबदार माणसं असलेली कुत्री जास्त जगतात, असा कंपनीचा अनुभव होता. निवड महिन्याभरात करायची, आणि एकदा केली की ती बदलत नव्हती.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "दुसरं घर कुठलं हे बघायला लागंल. हा तिथं काय खातोय कुणास ठाऊक. मूत्रपिंडं गेली तर सांधा काय कामाचा?"

बाईंच्या मनात दहीच अडकलं होतं. जुना, घरातच जपलेला दह्याचा वाण. गावात असं दही कधीकाळी लावणारं एकच घर त्यांना माहीत होतं, आणि ते होतं त्यांचं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या घराबाहेर पडल्या, कोपऱ्यावरून वळसा घालून मागच्या दारानं परत आल्या आणि स्वतःच्याच जिन्याखाली चोरासारख्या उभ्या राहिल्या. फौजदार दुपारचा पडवीत झोपतो, असा त्यांचा समज होता. झालं भलतंच. बाराच्या सुमाराला फौजदार उठला, आळस दिला आणि वाकड्या पायानं एकेक पायरी चढायला लागला. धाप लागली की थांबायचा, मग पुन्हा चढायचा. एवढं दुखत असताना एवढा जिना चढतोय, हे बघून बाईंना आधी अभिमान वाटला. राग नंतर आला. त्या हळूच मागोमाग वर गेल्या.

चौगुल्यांचं घर मुळात एक. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली, ती गच्चीवरही कमरेएवढी चढवली. पाण्याच्या टाकीचा पाइप जातो तिथं भिंतीत एक भगदाड होतं. फौजदारानं त्यात डोकं घातलं, खांदे घातले, पाय ओढून घेतला आणि पलीकडं गेला.

"आला गं माझा बाळू," पलीकडून आवाज आला.

बाळू. त्यांच्या फौजदाराला कुणी बाळू म्हणत होतं, आणि तो शेपटीनं कठडा बडवत होता. बाईंनी भगदाडातून बघितलं. त्यांची धाकटी जाऊ कांचन वाटीत दहीभात कालवत बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते तिचे. भात झाल्यावर तिनं सायीच्या गोळ्यात एक पांढरी गोळी दाबली आणि हात पुढं केला. फौजदारानं ती साय एका घासात, गोळीसकट, निमूटपणे गिळली. बाईंकडे एका गोळीला तीन तुकडे भाकरी जायची.

टेकायला तिथं दुसरं काही नव्हतं, म्हणून बाई जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

दोघींचं बोलणं बंद होऊन दशक उलटलं होतं, आणि कारण होतं वाटीभर विरजण. सासूबाईंनी, म्हणजे दोघींच्या आत्याबाईंनी, लग्नात माहेराहून आणलेलं ते विरजण. आजचं दही उद्याच्याला लावायचं, एक दिवस खंड पडू द्यायचा नाही, अशी त्याची रीत. वाटणी झाली, आत्याबाई थोरलीकडं राहिल्या, विरजणाचं मडकंही तिकडंच राहिलं. कांचनचं सामान हलवता हलवता दिवेलागण झाली आणि ती वाटी घेऊन विरजण मागायला आली. दिवे लागल्यावर पांढरी वस्तू घरातून द्यायची नाही, हे चौगुल्यांकडं कडक. विजयमालाबाई म्हणाल्या, "आता दिवे लागले. सकाळी ने." कांचन रिकामी वाटी घेऊन गेली. सकाळी आली नाही. नंतरही आली नाही. विजयमालाबाईंनी बोलवायला माणूस पाठवला नाही. नेणाऱ्यानं यायचं असतं. दोघींचे नवरे मात्र रोज कोपऱ्यावर एकत्र चहा पीत. भांडण पुढं चालवायला लागणारी चिकाटी त्यांच्याकडं नव्हती.

ते विरजण आता विजयमालाबाईंकडंही नव्हतं. आत्याबाई गेल्या, मग लेकीच्या बाळंतपणाला बाई परदेशी जाऊन राहिल्या. परत आल्या तेव्हा मडक्यात हिरवी बुरशी. आपल्या हातून आत्याबाईंचं दही मेलं, हे त्यांनी जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. पिशव्या आणायच्या आणि कापून लगेच बाहेरच्या कचऱ्यात टाकायच्या. फौजदारानं एकट्यानं ते बघितलं होतं, आणि त्यानं यंत्राला सांगितलं.

दोन-चार दिवस त्यांनी पळवाटा शोधून बघितल्या. आपलीच गोळी बंद केली तर? पण कांचनच्या गोळीत काय आहे, किती आहे, हे कुठं माहीत होतं? भगदाड बुजवलं तर? वीट हातात घेऊन वर गेल्यासुद्धा. फौजदार भगदाडापाशी बसून त्यांच्याकडं बघत राहिला, त्यांनी वीट कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवली आणि जणू तिथंच ठेवायला आणली होती अशा खाली आल्या. शेवटी यंत्राला फोन लावला.

"तो दुसरा विमा. मूत्रपिंडं वगळून. म्हणजे कायमची?"

"कायमची, साहेब."

"आणि नवा सांधा?"

"त्यात पायही वगळलेला आहे. शिवाय मूत्रपिंडं बिघडलेल्या पाल्याला भूल देता येत नाही. निवड नोंदवू का?"

फौजदार दारात आडवा पडला होता. सकाळपासून त्यानं दोनदा ओकारी काढली होती आणि भाकरीकडं बघितलं नव्हतं. तरी बाई बोलतायत म्हटल्यावर उभा कान त्यांच्याकडं फिरलेला होता.

"थांब जरा," बाई यंत्राला म्हणाल्या. "जाऊन येतो."

नुसतं अंगठा मागायला जाणं त्यांना जमणार नव्हतं. अंगठा काय, टपालवालाही मागतो. जायचं तर खरी गरज घेऊन जायचं. फळीवरून त्यांनी आत्याबाईंची पितळी वाटी काढली, पदरानं पुसली आणि रस्त्यावर आल्या. आपलं दार आणि कांचनचं दार यांत जास्वंदीचं एक झाड होतं, पण ते ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर रस्त्यावरचे दिवे लागले.

कांचननं दार उघडलं. बघतच राहिली. "अक्का?"

"विरजण पाहिजे होतं," विजयमालाबाई म्हणाल्या आणि वाटी पुढं धरली.

कांचननं वाटीकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "दिवे लागलेत, अक्का."

"दिसतंय मला."

"सकाळी न्यायचं की मग. पांढरी वस्तू."

आता वाटी मागं घ्यावी आणि वळावं, असं विजयमालाबाईंच्या अंगातला प्रत्येक सांधा म्हणत होता. त्यांनी पाय ब्रेकवरून काढला. "त्या दिवशी तू सकाळी आली नाहीस. मी दोन दिवस रोज वाटीभर बाजूला काढून ठेवलं होतं. तुझ्यासाठी."

"कशी येणार होतो? अख्ख्या गल्लीदेखत रिकामी वाटी परत पाठवलीत."

"गल्लीत कोण नव्हतं. एक टेम्पोवाला होता."

"टेम्पोवाल्यानं बघितलं की."

"मग आज तुझी गल्ली भरलेली आहे. पाठव परत."

खरंच समोरच्या ओट्यावर तीन बायका भाजी निवडायची थांबून बघत होत्या. कांचननं त्यांच्याकडं बघितलं, विजयमालाबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "आत या. पोह्याचा चिवडा केलाय. रिकामी वाटी या घरातनं जात नाही."

आत बसल्यावर विजयमालाबाईंनी विचारलं, "तुझ्याकडं आलं कुठनं?"

"आत्याबाईंनीच दिलं. वाटणीच्या दुसऱ्याच दिवशी, गच्चीवरनं. म्हणाल्या, तुम्ही दोघी मानी, तुमच्या मानात माझ्या दह्याचा जीव जायचा." कांचननं चिवड्याची ताटली पुढं सरकवली. "तुमचं काय झालं पण?"

"गेलं."

"कधी?"

"लेकीकडं गेलो होतो तेव्हा."

"तेव्हापासनं पिशवीतलं खाताय? अहो अक्का, मागायचं होतं."

"मागायलाच आलोय."

जिन्यावर नखांचा आवाज आला. गच्चीवरनं उतरून फौजदार दारात उभा राहिला. दोघी एकदम म्हणाल्या, "बाळू," "फौजदार," आणि तो दोघींच्या मधोमध, चिवड्याच्या ताटलीशेजारी बसला.

"त्याला गोळी कसली देतेस?"

कांचन ताठ झाली. "बघितलंत होय? देतो. रोज देतो. लंगडत लंगडत जिना चढून यायचा, कळवळायचा. मला वाटलं, नाव तेवढं मोठं ठेवलंय तुम्ही, औषधपाण्याच्या नावानं शून्य. रिक्षात घालून शहापूरच्या डॉक्टरांकडं नेलं मी त्याला."

"मी रोज सकाळी देतो गोळी. गुलाबी."

कांचनच्या हातातला डबा खाली टेकला. ती उठून पांढऱ्या गोळ्यांची पट्टी घेऊन आली, विजयमालाबाईंनी गुलाबी पट्टी पर्समधून काढली, आणि दोघींनी चष्मे चढवून बारीक अक्षरं वाचली. कंपन्या निराळ्या, रंग निराळे, आतलं औषध तेच. वेदना कमी करणारं, आणि दुप्पट झालं तर मूत्रपिंडांवर बसणारं.

"देवा," कांचन म्हणाली. "दोघींनी मिळून याला मारत होतो."

"मिळून नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. "मिळून केलं असतं तर असं झालं नसतं."

फौजदारानं ताटलीतला एक शेंगदाणा उचलला. नेहमी दोघीही ओरडल्या असत्या. आज कुणी ओरडलं नाही.

डॉक्टर मगदूम यांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या, भरपूर पाणी पाजायला सांगितलं आणि पायाला शेक द्यायला लावला. शेक सकाळी थोरलीनं, दुपारी धाकटीनं. पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून मधल्या भिंतीत, तळमजल्यावरच, कुत्र्याएवढं एक दार पाडलं. गवंड्यानं विचारलं, "एवढंच? माणसाएवढं करू का? खर्च तोच." दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "राहू दे," विजयमालाबाई म्हणाल्या. "आम्हाला पुढचं दार आहे."

महिना संपायच्या आत पुन्हा बोळा फिरवला. यंत्रानं वेळ घेतला. "मूत्रपिंडांवरचा ताण उतरला आहे. कारण पटण्यासारखं आहे. पहिल्या घराला त्र्याहत्तर गुण, दुसऱ्या घराला चौऱ्याहत्तर. दोन्हीकडे दह्याचा वाण एकच."

"एका गुणानं?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"यंत्र आहे, अक्का," कांचन म्हणाली. "चुकतंय कधी कधी." पण हसत म्हणाली, आणि सरळ बसली.

"तिसरा विमा नोंदवत आहे. पाल्याचं पूर्ण नाव सांगावं."

"फौजदार," एक म्हणाली. "बाळू," दुसरी म्हणाली.

"कृपया आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव."

विजयमालाबाईंनी क्षणभर विचार केला. "लिही. फौजदार बाळू चौगुले."

"म्हणजे माझा बाळू बाप झाला होय?"

"मोठेपणा दिला तुझ्या नावाला. घे की."

दोघींनी एकापाठोपाठ एक अंगठा ठेवला.

कोल्हापूरच्या जनावरांच्या इस्पितळात गर्दी होती. लांब केसांची, चपट्या नाकांची, परदेशी नावांची कुत्री गाद्यांवर बसलेली. शेजारच्या गृहस्थांनी फौजदाराचे दोन तऱ्हेचे कान न्याहाळले आणि नम्रपणे विचारलं, "ब्रीड कुठलं हो?"

"इचलकरंजी," विजयमालाबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी मान डोलावली. नवीन असेल, असं त्यांना वाटलं असावं.

विजयमालाबाईंच्या पिशवीत दह्याचा डबा होता. घरचं दही, त्यांच्या हातानं लावलेलं. कांचनच्या पिशवीतही होता. आधी कुणाचं द्यायचं, यावर सगळ्या वाटेवर वाद झाला होता आणि तो अजून मिटला नव्हता.

"कांचन," त्या जरा वेळानं हळू आवाजात म्हणाल्या, "पाय सरळ झाला तर याची ती चाल जाईल का गं? तो रुबाब?"

"रुबाब पायात नसतोय, अक्का. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

वर लावलेल्या भोंग्यातून पुकारा झाला. "फौजदार बाळू चौगुले यांच्या पालकांनी आत यावं."

दोघी एकदमच उठल्या. दोघींनी एकदमच पट्ट्याकडं हात नेला. तोवर फौजदार उठला होता, उजवीकडं झुकला होता, मान ताठ करून दाराकडं निघालाही होता. आजवर लोक बाईंना नमस्कार करत. इथं मात्र सगळा हॉल पाय आखडून त्याला वाट देत होता. मागं वळून त्यानं एकदाही बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. आपल्या मागं कोण कोण आहे, ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं.